एक पॉइंट एकतीस

खुर्ची प्लास्टिकची आहे आणि गारढोण. बाहेर यंदा म्हणावी तशी थंडी नाही, शहराबाहेरच्या डोंगरावर स्पर्धेसाठी बर्फ ट्रकने आणून टाकावा लागलाय. आत मात्र चार-पाच रांगा खाली पांढरा चौक पसरलाय आणि त्याचा गारवा बुटाच्या तळव्यातून वर चढतो. तारीख १८ फेब्रुवारी २०१०, वार गुरुवार, गाव व्हँकुव्हर, जागा पॅसिफिक कोलिसियम. रात्रीचे आठ वाजायला आलेत. महाराष्ट्रात या घडीला १९ तारखेची सकाळ आहे, शिवजयंतीची. तुमच्या गल्लीत ताशेवाले हात मोकळे करत असतील. इथं चौदा हजारांच्या आसपास माणसं आहेत आणि तरी पात्याचा आवाज ऐकू येतो. सरावाला उतरलेले सहा जण उलटे-सुलटे फिरतायत आणि प्रत्येक वळणाला खर्रकन एक रेघ उमटते.

“बसा, बसा. शेवटचा गट सुरू होतोय,” शेजारच्या काकू म्हणतात. “मराठीच ना? मघाशी स्वतःशीच ‘बाप रे’ म्हणालात.”

काकू मूळच्या डोंबिवलीच्या, इथं येऊन बावीस वर्षं झाली. मांडीवर घोंगडी, हातात पेन्सिल, गळ्यात दोरीला अडकवलेलं स्टॉपवॉच. लेकीला आठ वर्षं पहाटे पाचला रिंकवर सोडून त्या तिथंच बाकावर बसून राहिल्या. “लेकीने सोडलं हो कॉलेजला गेल्यावर,” त्या सांगतात, “मला मात्र सोडवत नाही.” एका स्पर्धेत लेकीची उडी अपुरी धरली, ते त्यांना अजून पटलेलं नाही. तेव्हाच्या नियमाने उडीला पाव फेऱ्याहून जास्त कमी पडलं तर ती खालच्या इयत्तेत जाते. तीन फेऱ्यांची उडी मारलीत तरी दोनचेच गुण. “पाव फेरा म्हणजे किती, हे त्या पडद्यावर बघून ठरवतात. मी तिथं होते. पूर्ण होती उडी.” आईच्या नजरेतून पाहिलं तर उडी नेहमीच पूर्ण असते, पण हे काकूंना तोंडावर कोण सांगणार?

मागच्या रांगेत मेपलच्या पानाची हॉकी जर्सी घातलेला एक पोरगा आहे. त्याचं म्हणणं सोपं आहे आणि तो ते दर दोन मिनिटांनी मित्राला ऐकवतो: ज्याला चार फेऱ्यांची उडी येत नाही, त्याने ऑलिंपिकचं सुवर्ण मागू नये. काकू मागे न बघता मान हलवतात. थोड्या वेळाने या दोघांची जुंपणार आहे.

वाद काय आहे तो आधी ऐकून घ्या. ही ऑलिंपिकची पुरुषांची फिगर स्केटिंग स्पर्धा. परवाच्या शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या कार्यक्रमानंतर, पहिले तीन जण अर्ध्याहून थोड्या जास्त गुणाच्या आत आहेत: रशियाचा येवगेनी प्लुशेन्को ९०.८५, अमेरिकेचा एव्हन लायसाचेक ९०.३०, जपानचा दाइसुके ताकाहाशी ९०.२५. प्लुशेन्को गेल्या ऑलिंपिकचा विजेता. मध्ये स्पर्धा सोडून बसला होता, आता परत आलाय, आणि त्याच्याकडे क्वाड आहे, म्हणजे हवेत चार फेरे. लायसाचेक गेल्या वर्षीचा विश्वविजेता, पण त्याच्या पायाला दुखापत झालेली आणि क्वाड त्याने बाजूला ठेवलीय.

याला फोडणी बसली ती टॅलिनमध्ये. जानेवारीत तिथं युरोपची स्पर्धा झाली. प्लुशेन्को जिंकला आणि पत्रकारांशी बोलता बोलता म्हणून गेला की आपल्याकडे आणि फ्रान्सच्या ब्रायन जुबेरकडे ट्रान्झिशन्स नाहीत, आम्ही लक्ष देतो ते उड्यांवर. ट्रान्झिशन्स म्हणजे दोन उड्यांच्या मधलं सगळं: वळणं, पावलं, एका पायावरून दुसऱ्यावर जाणं, उडीत शिरण्याची आणि उडीतून बाहेर पडण्याची रीत. गुणपत्रिकेत त्याला तेव्हा स्वतःचा रकाना होता, दहापैकी गुण होते. परीक्षेच्या आधी पोराने स्वतःच सांगावं की भूमिती ऑप्शनला टाकलीय, तसा हा प्रकार. मग एका अमेरिकन परीक्षकाने ओळखीच्या मंडळींना या बोलण्याबद्दल ई-मेल पाठवला, तो बाहेर फुटला, फ्रान्सच्या पेपरात छापून आला, आणि आता या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला ट्रान्झिशन्सवर मत आहे. पोरगा सोडून. त्याला क्वाडवर मत आहे.

गटात पहिला येतो लायसाचेक. काळा पोशाख, गळ्याशी चमकणारे साप, उंच आणि लांब हातापायांचा. अशा उंच माणसाला हवेत स्वतःची घडी घालायला वेळ लागतो. संगीत शेहेरजादचं.

“उड्या बघू नका,” काकू कानाशी म्हणतात. “उड्या सगळेच बघतात. त्याआधीचे पाच सेकंद बघा.”

तुम्ही बघता. पहिली जोडउडी, ट्रिपल लुट्झला चिकटून ट्रिपल टो-लूप. लुट्झसाठी उलटं जात, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर लांब रेघ ओढावी लागते, आणि उडी मात्र त्या रेघेच्या उलट्या दिशेने फिरवायची. बहुतेक जण ही रेघ कोपऱ्यापर्यंत नुसती ओढत नेतात आणि खांद्यावरून मागे बघत बसतात, रिव्हर्स घेताना बघतात तसे. लायसाचेक त्या रेघेच्या आधी दोन वळणं घालतो, हात खाली येऊ देत नाही, आणि उतरल्यावर मागचा पाय लांब ठेवून तिथूनच पुढच्या पावलात शिरतो. उडी कुठं संपली हे तुम्हाला नेमकं सांगता येत नाही. काकूंच्या भाषेत, “शिवण दिसत नाही.”

मग त्यांचं बोट स्टॉपवॉचवर जातं. साडेचार मिनिटांचा कार्यक्रम, सव्वादोन मिनिटं झाली. “आता,” त्या म्हणतात. या क्षणानंतर मारलेल्या प्रत्येक उडीच्या मूळ किमतीवर दहा टक्के वाढ. पाय दमलेले असतात, म्हणून हे बक्षीस. सहाची लुट्झ आता सहा पॉइंट सहाची. लायसाचेकने आठपैकी पाच उड्या या रेषेच्या पलीकडे ठेवल्यात. काकू पाच वेळा पेन्सिल टेकवतात.

एकही चूक होत नाही. शेवटी तो दोन्ही मुठी झटकतो, हॉल उठतो, मागचा पोरगासुद्धा उठतो आणि उठल्याबद्दल मित्राची माफी मागितल्यासारखं बोलतो. फळ्यावर १६७.३७, एकूण २५७.६७. प्लुशेन्को सगळ्यात शेवटी आहे. मध्ये चार जण. जपानच्या नोबुनारी ओदाच्या बुटाची नाडी कार्यक्रमाच्या मध्यावर तुटणार आहे आणि तो रेलिंगपाशी येऊन थरथरत्या हातांनी ती बांधणार आहे. ताकाहाशी क्वाडवर आपटणार आहे आणि तरीही कांस्य घेऊन जाणार आहे. ते तुम्ही नंतर बघाल. पाती पुन्हा खर्रकन बर्फ कापतात, आणि त्या आवाजावर मी तुम्हाला इथून उचलतो.

फेब्रुवारी १९७२, सापोरोचं ऑलिंपिक. संगीत नाही. टाळ्या नाहीत. एक बाई एका पायावर वर्तुळ काढतेय.

एवढंच. एका पायावर, पायाच्या एका कडेवर, माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट व्यासाचं वर्तुळ, मग तिथंच वळण घेऊन दुसरं, आणि मग पुन्हा त्याच रेघेवरून, आणि आणखी एकदा. ती बाजूला होते. मग लांब कोट घातलेले परीक्षक बर्फावर चालत येतात आणि वाकतात. एक जण चक्क गुडघा टेकतो. रेघा एकमेकींवर बसल्या आहेत का, वळणाच्या टोकाशी पातं घसरलंय का, दोन कडा एकदम टेकल्या का. तुमचा मूळव्याध उठेल इतकं सावकाश चाललंय हे, पण बघा तरी. या खेळाला फिगर स्केटिंग म्हणतात ते या फिगर्समुळे, बर्फावरच्या या आकृत्यांमुळे. थ्री टर्न, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर ही वळणं इथं आख्खी परीक्षा आहेत. अडतीस वर्षांनी व्हँकुव्हरला हीच वळणं दोन उड्यांमधली भर म्हणून ओळखली जातील.

वर्तुळ काढणारी बाई ऑस्ट्रियाची ट्रिक्सी शूबा. तिच्या आकृत्यांना जगात तोड नाही. मुक्त स्केटिंगमध्ये, म्हणजे संगीतावरच्या उड्या-गिरक्यांच्या भागात, ती सातवी येते. तरी सुवर्ण तिचंच, कारण आकृत्यांवर तिने घेतलेली आघाडी कुणाला फेडताच येत नाही. मुक्त स्केटिंग जिंकणारी अमेरिकेची जॅनेट लिन कांस्यावर थांबते. घरी टीव्हीवर लोकांनी आकृत्या पाहिलेल्याच नसतात. त्यांना दिसते ती जॅनेट लिन, पडून हसत उठणारी, आणि मग पोडियमवर तिच्या डोक्यावरून दुसरीच कुणी. हे कसं, असा प्रश्न लाखो घरांत विचारला गेला. पुढच्या वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम आला, आकृत्यांचं वजन उतरलं, उतरत गेलं, आणि १९९० च्या हॅलिफॅक्सच्या विश्वस्पर्धेनंतर त्या बंदच झाल्या.

मला विचाराल तर त्या जायलाच हव्या होत्या, कोण बघणार? पण त्यांच्याबरोबर एक गोष्ट गेली, ती म्हणजे परीक्षकाचं वाकणं. रेघ समोर होती. पटलं नाही तर बोट ठेवून दाखवता येत होतं.

पुन्हा पात्याचा आवाज. (हा प्रवास चाललाय तो उडीवरून थेट उडीवर, मधली वर्षं मी गाळतोय. म्हणजे माझेही ट्रान्झिशन्सचे गुण काही धड पडायचे नाहीत.)

२५ मार्च १९८८, बुडापेस्टची विश्वस्पर्धा. कॅनडाचा एक एकवीस वर्षांचा पोरगा उलटा येतो, डाव्या पायाचं टोक बर्फात रोवतो आणि वर जातो. मोजा. तुम्हाला मोजता येणार नाही, तीनपर्यंत येऊन डोळा हरवतो. तो उतरतो उजव्या पायावर, आणि अंगात अजून इतका फिरकीचा जोर शिल्लक असतो की ते शरीर थांबतच नाही. एक वळण, आणखी एक, आणि मग कुठं तो सावरतो. दुसरा पाय टेकलेला नाही, हात टेकलेला नाही. दोन वर्षांपूर्वी चेकोस्लोव्हाकियाच्या योझेफ साबोव्चिकची चार फेऱ्यांची उडी आधी मान्य झाली आणि मोकळा पाय बर्फाला लागला म्हणून नंतर खोडली गेली होती. ही टिकते. कर्ट ब्राउनिंग, अधिकृतपणे नोंदलेली जगातली पहिली क्वाड.

आणि त्या दिवशी ब्राउनिंग कितवा येतो? सहावा. जिंकतो ब्रायन बोइटानो, ज्याने महिनाभर आधी कॅलगरीत ऑलिंपिक जिंकलंय, तेही क्वाडशिवाय. व्हँकुव्हरच्या त्या जर्सीवाल्या पोराला हे सांगून काही उपयोग नाही, तेव्हा तो जन्मला नव्हता. पण क्वाड आली की सोनं येतं हा नियम त्या क्वाडच्या वाढदिवसालाच लागू नव्हता, एवढं ध्यानात ठेवा.

सॉल्ट लेक सिटीला मी तुम्हाला उतरवत नाही, नुसतं खिडकीतून दाखवतो. २००२ चं ऑलिंपिक, जोड्यांची स्पर्धा, सुवर्ण रशियाला, हॉलमधून हुर्यो, दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या परीक्षिका आपल्यावर दबाव होता असं बोलून जातात, आणि शेवटी कॅनडाच्या जोडीलाही दुसरं सुवर्णपदक द्यावं लागतं. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत त्यात गेली. २००४ मध्ये नवी आली. प्रत्येक उडीला ठरलेली किंमत, ती कशी मारली त्यावर उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत, आणि बाजूला कलेचे पाच रकाने, प्रत्येकी दहापैकी. त्या पाचातला दुसरा रकाना ट्रान्झिशन्सचा. सापोरोत गुडघा टेकून बघायची गोष्ट आता खुर्चीत बसून, चालत्या कार्यक्रमात, उड्यांचे गुण टाइप करता करता, एका आकड्यात भरायची.

आणि आता परत या, काकू वाट बघतायत.

“कुठं गेला होतात? ताकाहाशी पडला. पण काय पाय आहेत हो त्याचे, काय पाय आहेत!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. पेन्सिलचं टोक मोडलंय.

प्लुशेन्को उतरतो. सत्तावीस वर्षांचा, पिवळे केस, चोचीसारखं नाक, आणि बर्फ आपल्या वडिलांचा असल्यासारखी चाल. व्हायोलिनवर टँगो. पहिलीच उडी. आता तेच करा जे काकूंनी शिकवलं. आधीचे पाच सेकंद बघा. पायावर पाय टाकत उलटी धाव, वेग घेतो, आणखी वेग घेतो, मध्ये काही नाही, हात नाही, वळण नाही, सजावट नाही. खांद्यावरून मागे एक नजर. एक वळण, टोक रोवलं आणि गेला. चार फेरे. उतरला, आणि उतरल्या जागेवरून लगेच आणखी तीन.

जर्सीवाला पोरगा उभा राहून ओरडतोय. आणि तुमच्याही छातीत काहीतरी लक्कन होतं. काकूंकडे बघू नका. ते पाच सेकंद मोकळे होते खरे, पण मोकळे होते म्हणूनच तुमचा श्वास अडकला. येणार, येणार, आली. ट्रान्झिशन्सच्या बाजूने बोलणारे हे कधी कबूल करत नाहीत. गवय्याने समेच्या आधी नुसतं थांबावं, तसा रिकाम्या जागेचाही एक ताण असतो. पण त्याला रकाना नाही.

पुढच्या उड्या बघा. एकीत तो हवेत तिरका झालाय, उतरताना अंग बाजूला कललंय, आणि तरी पात्यावर उभा. मांजर कसंही फेका, पायांवरच पडतं. दुसरा कुणी असता तर बसला असता बर्फावर. हॉल टाळ्या वाजवतो. परीक्षकांची बोटं मात्र वेगळं काही टाइप करतात. तिरकं उतरणं म्हणजे प्रवाह तुटला, प्रवाह तुटला म्हणजे अधिकचे गुण गेले. सव्वादोन मिनिटांनंतर काकू पेन्सिल टेकवतात, मोडक्या टोकाने: तीन उड्या. तीनच.

१६५.५१. एकूण २५६.३६. तुम्ही बोटांवर वजाबाकी करता, पण फळा तुमच्या आधी करतो. एक पॉइंट एकतीस.

आता हॉलमध्ये जे बोललं जातंय ते सगळं ऐका. पोरगा म्हणतो, ट्रान्झिशन्सच्या नावाखाली चोरी. काकू वळतात, बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणा अनोळखी पोराकडे अशा वळल्या असतील, आणि म्हणतात, बाळा, तो स्वतःच म्हणाला होता माझ्याकडे नाहीत म्हणून. पोरगा म्हणतो, हा खेळ आहे की नाच? काकू म्हणतात, नाच एवढा सोपा असता तर माझी लेक अजून करत असती. उद्या कॅनडाचा माजी विजेता एल्विस स्टोइको लेख लिहून म्हणणार आहे की या रात्री फिगर स्केटिंग मारलं गेलं. पुतिन प्लुशेन्कोला कळवणार आहेत की तुझं रौप्य सोन्याच्या तोलाचं. सगळ्यांचा समज एकच: कलेने उडीला हरवलं.

तासाभरात छापील गुणपत्रिका येते. तुम्हाला ती कुणी देणार नाही, पण तुम्ही भविष्यातून आलायत, तेव्हा ती तुमच्या खिशात आहेच. काकूंच्या घोंगडीवर पसरा. कलेचे पाच रकाने, त्यांची बेरीज, दुपटीने गुणलेली. लायसाचेक: ८२.८०. प्लुशेन्को: ८२.८०.

पोरगा वाकून बघतो. काकू चष्मा पुसून बघतात. आकडा तोच आहे. दोघांचा, शतांशापर्यंत सारखा. ज्या कलेने म्हणे उडीला हरवलं, तिने या रात्री कुणाच्याच पारड्यात काही टाकलेलं नाही. ट्रान्झिशन्सच्या रकान्यात प्लुशेन्को मागे आहे, हो. पण स्केटिंग कौशल्याच्या रकान्यात पुढे, आणि वर-खाली होत होत बेरीज जुळलीय.

मग वरचा भाग बघा, उड्या आणि गिरक्यांचा. एकाकडे क्वाड आहे, दुसऱ्याकडे नाही, तर केवढा फरक असायला हवा! क्वाड टो-लूपची किंमत त्या वर्षी ९.८, ट्रिपलची ४. प्लुशेन्कोची मूळ किंमत ७५.०३. लायसाचेकची ७४.९३. एक दशांश. क्वाडने मिळवलेलं सगळं लायसाचेकने उशिराच्या पाच उड्यांतून आणि गिरक्या-पावलांतून भरून काढलंय. पुढे त्या कशा केल्या त्याचे गुण: लायसाचेकला ९.६४, प्लुशेन्कोला ७.६८. स्वच्छ उतरणं आणि तिरकं उतरणं यातला हा फरक.

काकू उलट बाजूला हिशोब मांडतात. दहा टक्क्यांची ती वाढ दोघांच्याही उड्यांतून काढून टाकली तर? लायसाचेकचे जातात तीनहून थोडे जास्त, प्लुशेन्कोचे दीड. फरक पडतो साधारण एक पॉइंट सात. आणि अंतर आहे एक पॉइंट एकतीस.

काकू पेन्सिल खाली ठेवतात. “म्हणजे,” त्या म्हणतात, “घड्याळाने जिंकला?”

अगदी तसं नाही. तो जिंकला कारण त्याने नियम वाचून कार्यक्रम बांधला आणि मग त्यात एक खोट येऊ दिली नाही. प्लुशेन्कोने तीच उडी मारली जी त्याला मारायची होती, आणि बाकीचं हवं तसं लावलं. माझं मत विचाराल तर मला त्या रात्री प्लुशेन्को जास्त आवडला आणि लायसाचेक जिंकला हेही बरोबर वाटलं. या दोन्हीत विरोध आहे असं मानायचं मी फार पूर्वी सोडून दिलंय. मला खटकतं ते वेगळंच. स्वतःच्या तोंडाने ‘माझ्याकडे नाहीत’ म्हणणाऱ्यालाही त्या रकान्यात दहापैकी सातच्या वर मिळतात. कारण नऊ परीक्षकांपैकी कुणीच एका रकान्यात नऊ आणि शेजारच्यात चार लिहायला धजत नाही. मोठा खेळाडू दिसला की पाचही आकडे मेंढरांसारखे एकमेकांना घासून चालतात. आणि कुणी किती दिले हे विचारायची सोय नाही. नावं झाकलेली आहेत, २०१६ पर्यंत झाकलेली राहतील. शिवाय उडीत शिरतानाची पावलं उडीच्या अधिक-उण्यातही धरली जातात आणि ट्रान्झिशन्समध्येही. एकाच भाजीचे दोनदा पैसे.

पोरगा म्हणतो, म्हणून म्हणतो, नुसत्या उड्या मोजा. आणि इथं काकूंना उत्तर सुचत नाही. म्हणून मी तुम्हाला पुढे नेतो, फक्त पाच मिनिटांसाठी.

२३ फेब्रुवारी २०१८, गांगनुंग, दक्षिण कोरिया. पुन्हा ऑलिंपिक, या वेळी महिलांची स्पर्धा. पंधरा वर्षांची लाल पोशाखातली अलिना झागितोवा कार्यक्रमाचा पहिला अर्धा भाग नुसती नाचते. गिरक्या, पावलं, हात, मान. उडी एकही नाही. घड्याळ मध्यावर येतं आणि मग सातच्या सात उड्या, एकामागे एक, प्रत्येकीला दहा टक्के. ट्रान्झिशन्सचं म्हणाल तर एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला श्वास घ्यायला जागा नाही. दुकानदाराने सेलच्या तासातच सगळी खरेदी उरकावी, तशी. तिच्या मागून तिच्याच प्रशिक्षिकेची दुसरी शिष्या येते, एव्हगेनिया मेदवेदेवा, अ‍ॅना कॅरेनिना होऊन. मुक्त स्केटिंगमध्ये दोघींना १५६.६५. शतांशापर्यंत सारखे. शॉर्ट प्रोग्रॅमच्या आघाडीवर झागितोवा सुवर्ण घेऊन जाते. फरक किती ते फळ्यावर बघा.

एक पॉइंट एकतीस.

मी हे जुळवून आणलेलं नाही. तुम्हीच वजाबाकी करून बघा, २३९.५७ वजा २३८.२६.

त्याच उन्हाळ्यात नियम बदलला. आता मुक्त स्केटिंगमध्ये शेवटच्या तीनच उड्यांना ती वाढ. अधिक-उणे तीनचं झालं पाच. त्याच गांगनुंगमध्ये आठवडाभर आधी अमेरिकेचा नेथन चेन एका कार्यक्रमात सहा क्वाड घेऊन आला होता, तेव्हा क्वाड वाचवायची कुणाला काळजी उरली नव्हती. आणि २०२२ मध्ये पाच रकान्यांचे तीन झाले. रचना, सादरीकरण, स्केटिंग कौशल्य. ट्रान्झिशन्सचा रकाना गेला; मधली पावलं आता रचनेच्या पोटात कुठंतरी धरली जातात. ज्या शब्दावरून व्हँकुव्हरमध्ये काकू आणि पोरगा भांडले, तो गुणपत्रिकेवर छापला जात नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लेक प्लॅसिडला सतरा वर्षांच्या इलिया मालिनिनने साडेचार फेरे मारले, क्वाड अ‍ॅक्सल, जगात पहिल्यांदा.

काकूंना यातलं काही सांगू नका. लेकीची उडी अपुरी धरल्याचं दुःख त्यांना पुरेसं आहे. परत चला, समारंभ राहिलाय, आणि तो चुकवण्यासारखा नाही.

हॉलमधले दिवे मंद झालेत. बर्फावर गालिचा टाकलाय, त्यावर तीन पायऱ्यांचा चौथरा, मध्ये उंच, दोन्ही बाजूंना ठेंगणे. जर्सीवाला पोरगा निघून गेला नाही, रेलिंगवर हनुवटी टेकून उभा आहे. काकूंनी घोंगडीचं एक टोक त्याच्या खांद्यावर टाकलंय आणि त्याने ते राहू दिलंय. ताकाहाशी वाकून नमस्कार करतो आणि आपल्या जागी चढतो. रौप्याचं नाव पुकारलं जातं.

प्लुशेन्को येतो. त्याची जागा चौथऱ्याच्या एका बाजूला आहे, पण तो मधल्या उंच पायरीवर पाय ठेवतो. चढतो. क्षणभर तिथं उभा राहतो, जिथं दोन मिनिटांनी दुसरा उभा राहणार आहे, आणि मग पलीकडच्या ठेंगण्या पायरीवर, आपल्या रौप्यावर, सावकाश उतरतो.

“बघितलंत?” काकू तुमच्या दंडाला चिमटा काढतात. “आणि म्हणे याच्याकडे ट्रान्झिशन्स नाहीत.”